वाचनालयात मुलांसाठी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम सुरू करायचाय, कुठला घेऊ?

पानखूण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी वाचनालयात किशोर विभाग बघते. दर शनिवारी दुपारी दीड तास रोलप्लेइंग गेमचा (एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होऊन काय करायचं ते बोलून ठरवतात) कार्यक्रम घ्यायचा असं ठरलंय, ठरलंय म्हणजे मीच एका मीटिंगमध्ये उत्साहाच्या भरात बोलून गेले आणि आता ते माझ्याच गळ्यात पडलंय. वयोगट ११ ते १६. नोंदणी ठेवणार आहे पण आमच्याकडे नोंदणीला काही अर्थ नसतो, १२ नावं येतात आणि प्रत्यक्षात कधी ५ मुलं येतात कधी १५, त्यातली निम्मी गेल्या आठवड्यात नव्हती. दोन टेबलं मिळतील. चालवायला मी आणि एक कॉलेजातला मुलगा जो मदतीला येतो.

माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर एकदाच खेळलेय. माझी जादूगारीण पहिल्याच मारामारीत बेशुद्ध पडली आणि नंतरचा पाऊण तास मी बाकीच्यांचं बघत बसले. मजा आली असं सगळ्यांनी मला सांगितलं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचं प्लेअर्स हँडबुक चाळून बघितलं, तीनशेच्या वर पानं आहेत आणि ते म्हणे तीन पुस्तकांतलं एक. माझ्या पोटात गोळाच आला. ही पुस्तकं वाचायला मला महिना लागेल, मुलांना कधी शिकवू? शिवाय सगळं इंग्रजीत, आमची बरीच मुलं वाचतील पण टेबलावर बोलणार मराठीतच.

तर सांगा, (१) कुठला गेम घेऊ, (२) विकत घेतलेली पुस्तकं घरी न्यायला द्यायची का फक्त कार्यक्रमापुरती ठेवायची, (३) पालक विचारतील की वाचनालयात हे राक्षस मारणं कशाला, त्यांना काय सांगू. इंटरनेटवर याद्या शंभर आहेत, मला याद्या नकोत, कुणी खरंच मुलांसोबत केलं असेल तर बोला.

---

वीसबाजू

ताई, सरळ डंजन्स अँड ड्रॅगन्स घ्या, उगाच डोकं खाऊ नका.

कारण एकच, मुलं त्या नावाला येतात. १९७४ पासून चालू आहे, लोकांना दुसऱ्या कुठल्या रोलप्लेइंग गेमचं नावही माहीत नसतं. तुम्ही भिंतीवर "कथाकथनात्मक सहकारी खेळ" असं पोस्टर लावलंत तर दोन मुलं येतील, तीही पावसाला थांबलेली. ड्रॅगनचं चित्र लावा आणि बघा.

पानांची भीती सोडा. खेळाडूने पुस्तक वाचायचंच नसतं, त्याला एक कॅरॅक्टर शीट (आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद) आणि वीस बाजूंचा फासा एवढं पुरतं. काय करायचंय ते तोंडाने सांग, मी सांगेन कुठला फासा टाक. स्टार्टर सेट घेतलात तर काम अजून सोपं, २०१४च्या सेटमध्ये ५ तयार कॅरॅक्टर, ३२ पानांचं नियमपुस्तक आणि एक तयार गोष्ट होती, आमचा ग्रुप त्यावरच शिकला. खोक्यावर वय १२ च्या पुढे लिहिलेलं असतं पण ११ वर्षांचं पोर आरामात खेळतं.

आणि फुकट पण आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मूळ नियमांचा गाभा, म्हणजे ज्याला एसआरडी म्हणतात त्याची ५.१ आवृत्ती, कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली केली. त्याआधी परवान्यावरून मोठी बोंबाबोंब झाली होती म्हणून का होईना पण केली. श्रेय दिलं की त्यातलं तुम्ही छापू शकता, वाटू शकता, मराठीत भाषांतर करून वाटलंत तरी चालतं. वाचनालयाला अजून काय पाहिजे.

---

कपाटामागे

वीसबाजू दादांशी निम्मी सहमत, निम्मी अजिबात नाही. मी ग्रंथपाल आहे आणि हा कार्यक्रम चार वर्षं चालवतेय, त्यातलं पहिलं वर्ष निव्वळ फसलेलं. ते सांगते, तेच जास्त उपयोगी पडेल.

पहिल्या शनिवारी ११ मुलं आली. मी ठरवलेलं की प्रत्येकाने स्वतःचं कॅरॅक्टर स्वतः बनवायचं, कारण मजा त्यातच असते असं सगळीकडे वाचलेलं. वंश निवड, वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे) निवड, सहा गुणांचे आकडे, मग जादूचे मंत्र निवड, मग सामान. नव्वद मिनिटं संपली आणि कुणी एक फासा टाकला नव्हता. एक मुलगा शेवटी म्हणाला, टीचर हा गेम फॉर्म भरायचा आहे का. पुढच्या शनिवारी त्या ११ मधले ५ आले आणि ४ नवीन, म्हणजे परत फॉर्म.

दुसरी चूक मारामारीची. दादांच्या टेबलावर चार मित्र असतात त्यामुळे त्यांना जाणवत नसेल, पण वाचनालयाच्या टेबलावर ७ मुलं असतात. नवख्या मुलाला आपली पाळी खेळायला दोन मिनिटं लागतात, काय करू, हे करू का, नको ते करू. सात जणांची १४ मिनिटं, वर राक्षसांची ३-४. म्हणजे एक फेरी १७-१८ मिनिटांची आणि साधी मारामारी तीन फेऱ्या चालते. तुमच्या दीड तासातला जवळजवळ एक तास एका गुहेत चार गॉब्लिनांवर गेला, आणि प्रत्येक मूल त्यातली सहा मिनिटं खेळलं. ताई, तुम्ही पाऊण तास बसून होतात ना, तसं सात मुलं आळीपाळीने बसतात. मग फोन निघतात.

म्हणून गेम निवडताना मी आता गेमकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की दार उघडल्यापासून पहिला फासा पडेपर्यंत किती वेळ जातो. माझी मर्यादा १५ मिनिटं. त्याच्यात जो बसत नाही तो गेम कितीही भारी असो, तो शनिवारचा नाही, तो घरी मित्रांसोबत खेळायचा. दुसरं बघते की गेल्या वेळी न आलेलं मूल आज मध्येच बसलं तर त्याला काय काय समजावावं लागेल. तिसरं, मी आजारी पडले तर दुसरं कुणी फक्त सकाळी वाचून दुपारी चालवू शकेल का. या तिसऱ्यावर मोठी मोठी नावं गळतात.

आणि गोष्टीची रचना बदला. कॅम्पेन म्हणजे सलग लांब कथा वाचनालयात चालत नाही, कारण राजपुत्राचं गुपित ज्या मुलीला कळलं तीच पुढच्या वेळी येत नाही. आम्ही खुलं टेबल ठेवतो. सगळी कॅरॅक्टरं एका तळावर राहतात, दर शनिवारी जे हजर असतील ते मोहिमेवर जातात आणि वेळ संपायच्या आत तळावर परत येतात, येतातच, वाटेत अडकून ठेवायचं नाही. यालाच काही लोक वेस्ट मार्चेस पद्धत म्हणतात, पूर्ण तशी नाही पण मूळ कल्पना तिथलीच. भिंतीवर एक मोठा नकाशा आहे, जी मुलं जे शोधून येतील ते त्यावर काढतात. न आलेली मुलं आधी नकाशा बघतात आणि भांडतात की आमच्याशिवाय दीपगृहात का गेलात. उपस्थितीसाठी मी केलेल्या सगळ्या खटपटींपेक्षा तो नकाशा जास्त कामाला आला.

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, अजूनही चालवतो, पण महिन्यातून एकदा, पहिल्या पातळीची तयार शीटं छापून, जादूगाराला मंत्र तीनच. नावाला येतात हे दादांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पोस्टरवर ड्रॅगनच आहे आमच्याकडे.

---

उंदीरमामा

कपाटामागे ताईंच्या १५ मिनिटांच्या कसोटीवर माझा उमेदवार: माउसरिटर. (नावावरून कळलंच असेल माझा कल.)

तुम्ही उंदीर असता. बस. मुलांना पाच सेकंदात कळतं की मांजर म्हणजे ड्रॅगन, घुबड म्हणजे जादूगार, आणि बाटलीचं बूच म्हणजे ढाल. "एल्फ म्हणजे काय, ड्वार्फ म्हणजे काय" हा तास वाचतो, आणि मराठीत खेळायला तर फारच सोपं पडतं कारण बीळ, दाणे, शेपूट, कुंपण, सगळे शब्द आपले आहेतच, भाषांतर म्हणून काही करावंच लागत नाही.

कॅरॅक्टर फाशांवरच बनतं. तीन गुण टाकायचे, मग एक फासा तब्येतीचा आणि एक खिशातल्या पैशांचा, आणि त्या दोन आकड्यांवरून तक्त्यात बघायचं की तू आधी कोण होतास आणि तुझ्याकडे सामान काय. निवडायचं जवळपास काहीच नाही म्हणून अडकायचंही फारसं काही नाही.

पण खरी गंमत सामानाची. प्रत्येक वस्तूची कागदाची छोटी चौकोनी चिठ्ठी असते, शीटवर १० चौकोन असतात, पंजात दोन, अंगावर दोन, पिशवीत सहा, चिठ्ठ्या त्यात ठेवायच्या. भूक लागली, भीती वाटली की त्याचीही चिठ्ठी येते आणि ती पण जागा खाते. म्हणजे घाबरलेल्या उंदराच्या पिशवीत दोरीला जागा उरत नाही. हे एवढं साधं आहे की मी कुणाला नियम समजावलाच नाही कधी, मुलं चिठ्ठ्या सरकवता सरकवता शिकतात. आधीच्या संध्याकाळी कात्री घेऊन बसावं लागतं तेवढं मात्र खरं, आणि टेबलावर पंखा नको.

मारामारीत वार चुकत नाही, थेट इजा मोजायची, त्यामुळे एक झटापट दहा मिनिटांत आटपते. तोटा पण तिथेच, उंदीर पटकन मरतात. ११ वर्षांच्या मुलाचा उंदीर पंधराव्या मिनिटाला मेला तर त्याचा चेहरा बघवत नाही. मी मरण ऐवजी "पकडला गेला" करतो, मग बाकीच्यांना सोडवायचं काम मिळतं. नियमात नाही हे, माझं आहे.

पीडीएफ तुम्हाला वाटेल त्या किमतीत मिळते, शून्य टाकलंत तरी.

---

वीसबाजू

उंदीर गोड आहेत हो, पण एक विसरताय. जी मुलं व्हिडिओ बघून येतात त्यांना तेच हवं असतं, वीस पडला की ओरडायचं, आपला पॅलाडिन (धर्मयोद्धा), पातळी वाढली. त्यांना उंदीर दिलात तर "हे खरं डी अँड डी नाहीये" असं तोंडावर म्हणतात, माझ्या भाच्याने म्हटलंय. एकदा आलेलं मूल नाराज होऊन गेलं की परत येत नाही, फॉर्म भरायला लावलं तरी आणि उंदीर केलं तरी.

बाकी सात जणांच्या टेबलाचं गणित मान्य. मी चारपेक्षा जास्त लोकांना कधी खेळवलंच नाही, हे आता कबूल करतो.

---

एकपानी

सगळे पुस्तकांबद्दल बोलतायत, मी म्हणतो पुस्तकच कशाला. एका पानाचे गेम आहेत, खरंच एक पान, झेरॉक्स काढा आणि प्रत्येकाच्या हातात द्या.

हनी हाइस्ट घ्या, ग्रँट हॉविटचा, २०१७. तुम्ही अस्वलं आहात आणि मधाच्या मोठ्या प्रदर्शनावर दरोडा घालायचाय. गुण दोनच, अस्वल आणि गुन्हेगार, दोन्ही ३ पासून सुरू. अस्वलासारखं काही करायचं तर अस्वलावर, चोरासारखं करायचं तर गुन्हेगारावर, साधा सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि गुणाइतका किंवा कमी आला की जमलं. बेत फसला की एक आकडा गुन्हेगारातून अस्वलात जातो, बेत झकास जमला की उलट. कुठलाही ६ ला पोचला की तुमचा खेळ संपला, एकतर पिसाळलात नाहीतर कायमचे गुन्हेगार झालात. टोपी कुठली घातलीय त्याचाही तक्ता आहे आणि मुलांना सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. माझ्या टेबलावर समजावायला चार मिनिटं लागतात, खेळ तास-सव्वा तासात आपोआप संपतो कारण आकडे कुठेतरी पोचतातच. शेवट आपोआप होणं याची किंमत दीड तासाच्या कार्यक्रमात फार आहे, बाकीच्या गेममध्ये जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, घड्याळ बघत गोष्ट गुंडाळावी लागते आणि ते नवख्याला जमत नाही, मला पहिले सहा महिने जमलं नाही.

मोठ्या मुलांना लेझर्स अँड फीलिंग्ज, जॉन हार्परचा. अंतराळयान, आणि अख्ख्या कॅरॅक्टरला एकच आकडा, २ ते ५ मधला तुम्ही निवडायचा. तर्काचं, यंत्राचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली यायला हवा, भावनेचं, बोलण्याचं काम असेल तर वर. आकडा मोठा घेतला की डोकं चालतं आणि मन जुळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांना हे सांगितलं की ती क्षणभर गप्प होतात आणि मग एकमेकांना तू दोन आहेस तू पाच आहेस सुरू होतं.

पण मी हे सुचवतोय त्याचं कारण वेगळं आहे. पानखूण ताई, तुमच्याकडे चालवणारी माणसं दोन आहेत आणि मुलं १५ येऊ शकतात, तर तुमची टंचाई गेमची नाहीच, जीएमची आहे. तीनशे पानांचा गेम चालवणारा तुम्हाला बाहेरून शोधून आणावा लागेल. एका पानाचा गेम १४ वर्षांची मुलगी दोनदा खेळून तिसऱ्यांदा चालवते, मी बघितलंय, आणि माझ्यापेक्षा बरा चालवते कारण तिला नियम बरोबर असण्याची फिकीर नसते. तीन महिन्यांत तुमच्याकडे चार जीएम तयार होतील आणि मग त्यांना हवं तर डी अँड डी घेऊ दे की.

जीएम एकही नसेल त्या दिवशी फॉर द क्वीन बाहेर काढा. पत्त्यांचा जोड आहे, नियमसुद्धा पत्त्यांवरच, एकेकाने मोठ्याने वाचायचे. राणीसोबत तुम्ही प्रवासाला निघालाय, प्रत्येक पत्त्यावर एक प्रश्न, तुम्ही उत्तर द्यायचं आणि त्यातून कळत जातं की राणी कशी आहे आणि तुमचं तिच्याशी काय आहे. फासे नाहीत, मारामारी नाही. पण १३ च्या पुढेच, लहानांना उत्तरं सुचत नाहीत आणि खिदळणं सुरू होतं. इंग्रजी प्रश्न तिथल्या तिथे मराठीत सांगायला एक जण बसवा.

---

पानखूण

बाप रे, एवढं लिहाल वाटलं नव्हतं, मनापासून आभार. १५ मिनिटांची कसोटी डायरीत लिहून घेतली.

एकपानी दादा, जीएमची टंचाई हे अगदी नेमकं पकडलंत, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं, मी पुस्तकांच्या किमतीच बघत होते.

प्रश्न २ आणि ३ राहिले. शिवाय अजून एक भीती, ११ चं मूल आणि १६ चं मूल एकाच टेबलावर असेल आणि मोठ्याने काहीतरी रक्तबंबाळ वर्णन केलं तर? आमच्या बाई नेमक्या तेव्हाच दारातून डोकावणार याची मला खात्री आहे.

---

कपाटामागे

दोन टेबलं आहेत तर वयावरून तोडा, ११-१३ आणि १४-१६, त्याने निम्मा प्रश्न मिटतो. भावंडं आली की एकत्र बसायचा हट्ट धरतात, तेव्हा धाकट्याच्या टेबलावर बसवायचं, उलट नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी एक्स कार्ड. एका कार्डावर मोठी फुली काढून टेबलाच्या मध्ये ठेवायची. गोष्टीत काही नको वाटलं तर कुणीही त्या कार्डाला हात लावायचा, आपण ते तिथेच वगळतो आणि पुढे जातो. का लावला हे विचारायचं नाही, हा त्यातला मुख्य भाग आहे आणि मोठी माणसंच तो जास्त मोडतात. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी हे बनवलं, आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. मी मुलांना पहिल्याच दिवशी स्वतः खोटं खोटं लावून दाखवते, "माझ्या गोष्टीत कोळी नकोत" म्हणून. मग दोन-तीन मुलं लगेच हसत लावतात, आणि ते बरंच आहे, कारण हात लावणं सोपं झालं की ज्या दिवशी खरं लावायचं असेल त्या दिवशी अवघड जात नाही. आमच्याकडे खरं फार क्वचित लागलंय. एकदा एका मुलीने लावलं, गोष्टीत घरात आग लागलेली, आम्ही घर बदललं आणि पुढे गेलो. मला आजही कारण माहीत नाही.

शिवाय पहिल्या दिवशी दोन ओळी फळ्यावर असतात, गोष्टीत काय येणारच नाही, आणि काय येईल पण वर्णन होणार नाही, पडदा पडेल. प्राण्यांना त्रास हे आमच्या मुलांनी स्वतःहून पहिल्या ओळीत घातलं, राक्षस मारायला मात्र कुणाची हरकत नाही.

पालक. खरं सांगू, पाच मिनिटं बसवून घ्या, बस. लांबून त्यांना ड्रॅगन दिसतो, जवळून दिसतं की आपलं मूल नकाशा वाचतंय, बेरजा करतंय, समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघतंय. इंटरनेटवर काहींना १९८० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या गोष्टी सापडतात, तेव्हा तिकडे या खेळाने मुलं सैतानाच्या नादी लागतात अशी मोठी आवई उठली होती, पालकांच्या संघटना निघाल्या होत्या. तसं कुणी विचारलं तर टाळू नका, हो अशी आवई होती आणि त्यातून काही निघालं नाही असं सरळ सांगा. "मुलांचं वाचन वाढतं" असं आश्वासन मात्र देऊ नका. काहींचं वाढतं, काही फक्त फासे टाकायला येतात, आणि त्यांचंही स्वागत आहे.

पुस्तकं: दोन प्रती शक्य असतील तर एक देवघेवीत, एक कार्यक्रमात, दुसरीवर "बाहेर नेण्यास नाही" शिक्का. ड्युईत (पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायची पद्धत) ७९३.९३ ला जातात पण तिथे ठेवलीत तर पत्ते आणि कोड्यांच्या पुस्तकांत हरवतील, किशोर कादंबऱ्यांच्या शेजारी वेगळा कप्पा करा, नियम मोडला तरी चालेल. खोक्यातले सेट देवघेवीत देत असाल तर झाकणाच्या आत यादी चिकटवा, फासे ७, शीट ५, नकाशा १, आणि परत घेताना काउंटरवरच मोजा. चार बाजूंचा फासा सगळ्यात आधी हरवतो. आणि पीडीएफ विकत घेतलीत तर परवाना वाचा, बऱ्याचशा एका माणसासाठी असतात, वाचनालयाच्या सगळ्या कॉम्प्युटरवर टाकायची मुभा त्यात नसते. म्हणूनच खुल्या परवान्याचे गेम बघा म्हणतात.

बाई आवाजाबद्दल बोलल्या तर ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा पाचवा नियम ऐकवा, १९३१ चा आहे, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. आमच्याकडे चालला. त्यासोबत मी टेबलावर जाड कापडही टाकलं होतं, त्यामुळे नक्की कशाने चालला सांगता येत नाही.

---

पानखूण

तीन आठवड्यांनी सांगायला आलेय.

पोस्टरवर ड्रॅगन लावला (वीसबाजू दादा खूश व्हा). ९ आली. लहानांच्या टेबलावर मी उंदीर घेतले, मोठ्यांना कॉलेजच्या मुलाने अस्वलं. अस्वलांचं टेबल जोरात, दुसऱ्या मजल्यापर्यंत आवाज. माझं टेबल पहिल्या दिवशी पडलं, कारण चिठ्ठ्या कापून नेल्या पण कुठली कुणाची ते वेगळं केलं नव्हतं, वीस मिनिटं त्या ढिगात शोधण्यात गेली, म्हणजे माझीच १५ मिनिटांची कसोटी मीच नापास. दुसऱ्या वेळी पाकिटं केली, ८ मिनिटांत सुरू. दोन मुलांनी विचारलं की खरं डी अँड डी कधी, त्यांना महिन्याचा शेवटचा शनिवार सांगितलाय आणि तोपर्यंत मला त्या मंत्रांचं काहीतरी वाचावं लागणार.

अस्वलांचं पान पाच जणांनी घरी नेलं. परत एकच आलं, म्हणजे देवघेवीच्या हिशोबात मी तोट्यात.

अडचण आता एका मुलाची. हुशार आहे, सगळे नियम पाठ, पण दुसऱ्याच्या पाळीत तोच बोलतो, "तू असं कर, तू तसं कर", आणि एक शांत मुलगी आहे ती मान हलवून त्याचं ऐकते. ओरडायचं नाहीये मला.

---

उंदीरमामा

त्याला काम द्या. नकाशा काढायचा किंवा कुणाची पाळी कधी याची यादी ठेवायची, नियम अडला की पुस्तकात शोधायचं काम त्याचंच, ज्याला नियम पाठ आहेत त्याला ते आवडतं. हात गुंतले की तोंड जरा कमी चालतं.

आणि मुलीला "तू काय करतेस?" असं विचारू नका, सगळ्यांसमोर तो प्रश्न फार मोठा असतो. "फटीतून दोन आवाज येतायत, एक रडण्याचा, एक कुरतडण्याचा, तुझा उंदीर कुठल्या बाजूला कान लावतो?" असं विचारा. दोनातलं एक निवडायचं असलं की बोलतात. तो मध्ये बोलला तर त्याचा उंदीर दुसऱ्या खोलीत आहे, त्याला हे ऐकूच जात नाही, असं गोष्टीतूनच सांगायचं. मी तर वाचाळ उंदराला सरळ मडक्यात पाडतो.

---

कपाटामागे

मडकं मी पण वापरते. फक्त दर आठवड्याला त्यालाच पाडू नका, त्याला कळतं.